दुभंगलेल्या देशात मतमोजणीचा साक्षीदार कोण? केनियाचा अनुभव आणि आपली मुंबई

शिवडीकर

निवडणूक निष्पक्ष झाली की नाही, हा वाद आता आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक निकालानंतर होतो आणि तो बहुतेक वेळा जिंकलेला व हरलेला यांच्यातच होतो. नागरिकांच्या बिगरपक्षीय संघटनांनी या वादात नेमके काय करावे, यावर फारसे बोलले जात नाही, म्हणून हा धागा काढत आहे. उदाहरण केनियाचे घेतो, कारण तिथली राजकीय फूट खोल आहे, मतदानावर जमातींच्या निष्ठांचा मोठा पगडा आहे आणि तरीही तिथल्या नागरी संघटनांनी पंधरा वर्षांत जे घडवून आणले ते बारकाईने पाहण्याजोगे आहे.

डिसेंबर २००७ मध्ये तिथे राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान झाले. ३० डिसेंबरला म्वाई किबाकी विजयी घोषित झाले आणि काही वेळातच त्यांचा शपथविधीही उरकण्यात आला. त्यानंतरच्या हिंसाचारात ११०० हून अधिक माणसे मारली गेली आणि सुमारे सहा लाख लोक बेघर झाले. पुढे न्यायमूर्ती क्रीगलर यांच्या आयोगाने चौकशी केली. त्या आयोगाचा निष्कर्ष मला आजही सर्वांत भयंकर वाटतो: नोंदी इतक्या सदोष होत्या की खरा विजेता कोण हे सांगणेच शक्य नाही. इतकी माणसे ज्या प्रश्नावरून मेली, त्याचे उत्तर देणारा विश्वासार्ह कागदच शिल्लक राहिला नव्हता.

माझ्या मते तिथल्या नागरी संघटनांनी यातून अचूक बोध घेतला. शांततेची आवाहने त्यांनी केलीच, पण खरा जोर मतदान केंद्रावरच्या कागदावर दिला. केनियात मतमोजणी केंद्रावरच होते, उमेदवारनिहाय आकडे 'नमुना ३४ अ' या कागदावर भरले जातात, हजर असलेले सर्व पक्षांचे प्रतिनिधी त्यावर सह्या करतात आणि एक प्रत केंद्राच्या दारावर लावली जाते. अडचण अशी होती की दारावरचा आकडा आणि राजधानीत जाहीर झालेला आकडा यांत फरक पडला तर कोणता खरा मानायचा, हे स्पष्ट नव्हते. मानवी हक्क कार्यकर्ते मायना किआई आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी यावर दावा लावला आणि जून २०१७ मध्ये अपील न्यायालयाने केंद्रावर जाहीर झालेला निकाल हाच अंतिम, वरच्यांना तो बदलण्याचा अधिकार नाही, असा निर्वाळा दिला. हा दावा कोणत्याही पक्षाचा नव्हता.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निवडणूक झाली आणि १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. निकाल पाठवण्याची प्रक्रिया कायद्याप्रमाणे झाली नव्हती, हे त्याचे एक मुख्य कारण होते. पुढच्या म्हणजे २०२२ च्या निवडणुकीत तिथल्या निवडणूक आयोगाने ४६ हजारांहून अधिक केंद्रांचे नमुना ३४ अ संकेतस्थळावर जसेच्या तसे टाकले. ज्याला हवे त्याने उतरवून घ्यावेत आणि स्वतः बेरीज करावी. विल्यम रुटो ५०.४९ टक्के, राइला ओडिंगा ४८.८५ टक्के, फरक सव्वादोन लाखांहून थोडा अधिक. सात आयुक्तांपैकी चौघांनी निकालाची जबाबदारी नाकारली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि तरीही २००७ ची पुनरावृत्ती झाली नाही. मूळ कागद सर्वांच्या हाती होता, हे त्यामागचे मोठे कारण आहे असे मी मानतो.

आपल्याकडे असा साक्षीदार कोण आहे, आणि नसेल तर मुंबईसारख्या शहरात तो उभा करता येईल का, यावर जाणकारांनी लिहावे.

अपर्णा_मुलुंड

विषय महत्त्वाचा आहे, परंतु तुलना पूर्णपणे पटली नाही. आपल्याकडे निवडणूक आयोगाला संविधानाच्या अनुच्छेद ३२४ चे बळ आहे आणि केंद्रावरचे कर्मचारी सरकारी सेवेतले असतात. २००७ च्या केनियातली पोकळी आपल्याकडे नाही.

तरीही प्रश्न काल्पनिक नाही, हेही मान्य करते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई उत्तर पश्चिम मतदारसंघाचा निकाल अवघ्या ४८ मतांनी लागला. निकाल योग्य की अयोग्य यात मला पडायचे नाही. मात्र इतक्या थोड्या मतांचा फरक असताना हरलेल्या बाजूच्या मतदाराची खात्री पटवणारे काहीतरी हाताशी असायला हवे, आणि 'आमच्यावर विश्वास ठेवा' एवढे सांगून ती पटत नाही.

संख्याशास्त्री

शिवडीकर यांनी कागदाबद्दल लिहिले. नागरी संघटनांचे दुसरे मोठे साधन म्हणजे समांतर मतगणना, आणि तिच्याबद्दल गैरसमज फार असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

यात संघटना सगळी केंद्रे मोजत नाही. देशभरातून यादृच्छिक पद्धतीने काही केंद्रे निवडली जातात, प्रत्येक ठिकाणी प्रशिक्षित निरीक्षक दिवसभर बसतो, केंद्रावर जाहीर झालेला आकडा सांकेतिक स्वरूपात पाठवतो, आणि त्यावरून एकूण निकालाचा अंदाज त्रुटीच्या कक्षेसह काढला जातो. केनियात निवडणूक निरीक्षण गट ही स्थानिक संघटनांची आघाडी २०१३ पासून हे करते. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच, फक्त शिते पातेल्याच्या सर्व थरांतून उचललेली असली पाहिजेत. मतदानोत्तर चाचणीत मतदार काय सांगतो यावर भिस्त असते, इथे मोजलेल्या मतांवर असते. हा फरक मूलभूत आहे.

या साधनाच्या मर्यादा लपवता कामा नयेत. केनियात विजयासाठी निम्म्याहून अधिक मते लागतात. २०२२ मध्ये या गटाचा अंदाज आणि अधिकृत निकाल जुळले, परंतु रुटो यांचा अंदाजित वाटा पन्नास टक्क्यांच्या इतका लगत होता की त्रुटीची कक्षा त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पसरली होती. म्हणजे जाहीर निकाल विश्वसनीय आहे एवढे त्यावरून सांगता येत होते, पहिल्या फेरीत विजय मिळालाच असे ठामपणे सांगता येत नव्हते. ४८ मतांच्या लढतीत तर हे साधन निरुपयोगी आहे.

२०१७ चे उदाहरण याहून बोलके आहे. तेव्हाही समांतर गणना अधिकृत आकड्याशी जुळली होती आणि तरीही न्यायालयाने निवडणूक रद्द केली. आकडा बरोबर निघाला म्हणून प्रक्रिया शुद्ध ठरत नाही. अनेक परदेशी निरीक्षकांनी त्या निवडणुकीची घाईने वाखाणणी केली होती, त्यांची मोठी पंचाईत झाली.

घानामध्ये २००८ च्या दुसऱ्या फेरीत जॉन अट्टा मिल्स सुमारे ४० हजार मतांनी, म्हणजे ५०.२३ टक्के मते मिळवून जिंकले. तिथल्या देशी निरीक्षकांच्या आघाडीची गणना अधिकृत निकालाशी सुसंगत होती आणि ताण निवळायला तिची मदत झाली. याउलट जॉर्जियात २०२० मध्ये एका नामांकित निरीक्षक संस्थेला आपल्याच गणनेत चूक असल्याचे काही आठवड्यांनी जाहीर करावे लागले. देश आधीच दोन तट पडलेला, त्यात ही चूक सत्ताधाऱ्यांच्या हाती आयते कोलीत ठरली. वर्षानुवर्षे मिळवलेली पत एका चुकीच्या कोष्टकाने पणाला लागते, म्हणून हे काम उत्साही पण अप्रशिक्षित माणसांच्या हाती कधीही देऊ नये.

केंद्राध्यक्ष_निवृत्त

मी महापालिकेच्या शाळेत शिक्षक होतो आणि अनेक निवडणुकांत मतदान केंद्राध्यक्ष म्हणून काम केले आहे. आतून काय घडते ते सांगतो, कारण बाहेरच्या चर्चेत ते नेहमी गाळले जाते.

मतदान सुरू होण्याच्या दीड तास आधी अभिरूप मतदान होते. किमान पन्नास मते टाकून, निकाल काढून, व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्यांशी ताळा करून यंत्र रिकामे केले जाते आणि मग ते मोहोरबंद होते. या वेळी पोलिंग एजंट समोर असावेत अशी अपेक्षा असते. संध्याकाळी शेवटच्या मतदाराचे मत झाले की नियंत्रण युनिटावरचे 'क्लोज' बटण दाबायचे, एकूण मतांचा आकडा नोंदवहीशी पडताळायचा आणि नमुना १७ सी, म्हणजे नोंदल्या गेलेल्या मतांच्या हिशेबाचा कागद, भरायचा. हजर असलेल्या प्रत्येक एजंटला त्याची साक्षांकित प्रत द्यायची आणि पोच घ्यायची, असे निवडणूक संचालन नियमांतला नियम ४९ एस सांगतो.

आता वस्तुस्थिती. सकाळी सातला माझ्यासमोर चार-पाच एजंट असायचे. संध्याकाळी सहा वाजता कधी दोन, कधी एकच. लहान पक्षांचे आणि अपक्षांचे लोक दुपारच्या जेवणानंतर परतत नसत. मी नमुना भरून, शिक्का मारून, प्रती मांडून बसायचो आणि घ्यायला माणूस नसायचा. एकदा एका एजंटने प्रतीची घडी घालून खिशात कोंबली आणि ती मोजणी प्रतिनिधीपर्यंत पोचवायची असते हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. ज्या कागदावरून आपण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जातो, तो कागद स्वतःच्या हक्काने मिळत असताना पक्ष तो सोडून देतात, याचे मला फार वाईट वाटते.

बिगरपक्षीय निरीक्षकाला आत बसवण्याची सोय आपल्याकडे नाही, हेही लक्षात घ्या. नियम ४९ डी प्रमाणे मतदारांखेरीज कर्मचारी, उमेदवार, त्यांचे प्रतिनिधी आणि आयोगाने अधिकृत केलेल्या व्यक्ती अशा मोजक्यांनाच केंद्रात प्रवेश आहे. आयोगाचे निरीक्षक असतात, पण ते शासकीय अधिकारी असतात. केनियातल्यासारखा स्वयंसेवक निरीक्षक इथे दारातच थांबेल.

शिवडीकर

सर, ही माहिती या धाग्याचा गाभा ठरावी. तिला दोन गोष्टी जोडतो.

आपला १७ सी आणि त्यांचा ३४ अ हे समान कागद नाहीत. आपल्याकडे मोजणी केंद्रावर होत नसल्याने १७ सी च्या पहिल्या भागात उमेदवारनिहाय मते नसतात, त्या केंद्रावर एकूण किती मते नोंदली गेली एवढाच हिशेब असतो. तरीही त्याचे मोल मोठे आहे, कारण मोजणीच्या दिवशी त्याच यंत्रातून तितकीच मते निघतात की नाही हे त्यावरूनच पडताळता येते. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेने २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी हे नमुने संकेतस्थळावर टाकावेत अशी मागणी केली. सर्वोच्च न्यायालयाने २४ मे रोजी, निवडणूक चालू असताना, अंतरिम आदेश द्यायला नकार दिला. दुसऱ्याच दिवशी आयोगाने पहिल्या पाच टप्प्यांत प्रत्येक मतदारसंघात प्रत्यक्ष किती जणांनी मतदान केले ते आकडे मात्र प्रसिद्ध केले.

त्याच वर्षी नोव्हेंबरच्या विधानसभा निवडणुकीत संध्याकाळी पाचची टक्केवारी ५८.२२ आणि अंतिम टक्केवारी ६६.०५, यावरून महाराष्ट्रात केवढे रान उठले ते आपण पाहिले. पाचनंतर रांगेत उभे असलेल्यांचे मतदान आणि हाती गोळा केलेल्या आकड्यांना लागणारा वेळ, हे आयोगाचे स्पष्टीकरण होते. ते खरे असेल तर सगळे १७ सी एका जागी पाहायला मिळाले असते तर वाद आठवडाभरात मिटला असता, आणि खरे नसेल तरी तेही आठवडाभरातच कळले असते. दोन्ही बाजूंच्या हिताची गोष्ट आहे ही.

अपर्णा_मुलुंड

याच संदर्भात मारकडवाडीचा उल्लेख व्हायला हवा. सोलापूर जिल्ह्यातल्या या गावातील काही लोकांनी डिसेंबर २०२४ मध्ये स्वतःच मतपत्रिकेवर मतदान घेऊन निकाल ताडून पाहायचे ठरवले आणि प्रशासनाने ते होऊ दिले नाही. त्यांच्या मनातली अस्वस्थता मी समजू शकते. परंतु निकाल लागल्यानंतर, गावातल्या गावात, कोण आले आणि कोण आले नाही हे सर्वांना दिसत असताना घेतलेले मतदान पुरावा म्हणून टिकले नसते. ज्यांना आधीचा निकाल मान्य होता ते आलेच नसते. पद्धत आधी जाहीर केलेली नसेल तर कितीही प्रामाणिक हेतूने केलेली पडताळणी एका बाजूचीच ठरते.

परळचा_रहिवासी

केंद्रनिहाय आकडे उघडे करा, असा या धाग्याचा सूर दिसतो. मी वस्तीपातळीवर काम करतो आणि मला याची दुसरी बाजू मांडणे भाग आहे. निकालानंतर नमुना २० मध्ये केंद्रनिहाय, उमेदवारनिहाय मते आताही प्रसिद्ध होतातच. मतदारयादीच्या एका भागात, म्हणजे एका केंद्राच्या यादीत, साधारण हजार-बाराशे नावे असतात. चार इमारती आणि एक चाळ मिळून एक भाग झाला की कोणत्या वस्तीने कोणाला हात दिला हे निवडून आलेल्याला दुसऱ्या आठवड्यात कळते. त्यानंतर शौचालयाची दुरुस्ती, गटाराचे झाकण, पाण्याची जोडणी या कामांना त्या भागात कसा उशीर होतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. अनेक केंद्रांची मते एकत्र मोजणाऱ्या टोटलायझर यंत्राची शिफारस आयोगाने केली होती, विधी आयोगाच्या २०१५ च्या २५५ व्या अहवालानेही केली. ती अमलात आली नाही.

पारदर्शकता हवी, पण तिची किंमत दुर्बल मतदाराने मोजू नये.

संख्याशास्त्री

आपला आक्षेप रास्त आहे आणि त्यावर सोपे उत्तर नाही. एवढेच सुचवतो की १७ सी चा पहिला भाग उघडा केल्याने गुप्ततेला धक्का लागत नाही, कारण त्यात कोणाला मते पडली हे नसतेच. टोटलायझर आणि १७ सी चे प्रकाशन या दोन मागण्या एकत्र करता येतील. एकूण मते केंद्रनिहाय तपासता येतील आणि उमेदवारनिहाय मते केंद्रांच्या गटासाठीच कळतील. अर्थात त्यामुळे हरलेल्या उमेदवाराला एखाद्या केंद्रावरची गडबड दाखवून देणे अवघड होईल, हे कबूल.

निशिगंधा_कुर्ला

मतदानाच्या दिवसावर आपण फार वेळ घालवत आहोत असे मला वाटते. मुंबईत निवडणुकीची निष्पक्षता सर्वाधिक दुखते ती मतदारयादीत, आणि तिथे नागरी संघटनांना कोणताही कायदा अडवत नाही.

या शहरात माणसे सतत हलतात. इमारत पुनर्विकासाला जाते, भाडेकरू तीन वर्षे दुसऱ्या उपनगरात राहतात, संक्रमण शिबिरातले लोक कधी परततात तर कधी नाही. बीएलओ, म्हणजे यादीचे काम पाहणारा केंद्रस्तरीय अधिकारी, जुन्या पत्त्यावर जातो तेव्हा तिथे पत्र्याचे कुंपण आणि खोदलेला पाया असतो. नाव 'स्थलांतरित' म्हणून कमी झाले तर त्या माणसाला ते मतदानाच्या दिवशी कळते, आणि नवीन ठिकाणी पुन्हा नाव लागून जुने तसेच राहिले तर तो 'दुबार' ठरतो. महापालिकेच्या निवडणुकीत आणखी एक पदर असतो: ती राज्य निवडणूक आयोग घेतो, विधानसभेची यादी प्रभागांत विभागली जाते आणि त्या विभागणीत रस्त्याच्या एका बाजूची सोसायटी भलत्याच प्रभागात जाते. जानेवारी २०२६ मधल्या निवडणुकीआधी संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे लावले होते. काही ज्येष्ठ नागरिकांना त्या ताऱ्यांचा अर्थ आपले नाव कापले गेले असा वाटला. आमच्या गटाने घरोघरी जाऊन समजावले म्हणून त्यांतले बरेच जण केंद्रावर आले.

याला शास्त्रशुद्ध पद्धत आहे. काही भाग यादृच्छिक निवडायचे आणि दोन दिशांनी तपासायचे. पहिली फेरी यादीकडून माणसाकडे: यादीतले नाव घ्यायचे आणि तो मतदार त्या पत्त्यावर आहे का ते पाहायचे. यातून मृत, स्थलांतरित आणि दुबार नावे कळतात. दुसरी फेरी माणसाकडून यादीकडे: दार ठोठावून घरातल्या अठरा वर्षांवरील प्रत्येकाचे नाव यादीत आहे का ते शोधायचे. यातून गाळलेली नावे कळतात. एकच फेरी केली तर अहवाल आपोआप कोणत्या तरी पक्षाच्या सोयीचा होतो, कारण एका बाजूला फुगवलेल्या यादीची तक्रार करायची असते आणि दुसऱ्या बाजूला कापलेल्या नावांची. दोन्ही फेऱ्या केल्या तर दोघांनाही नको असलेले काही ना काही त्यात निघते.

असा दबाव कामी येतो, हे बिहारमध्ये दिसले. मतदारयादीच्या २०२५ च्या विशेष सखोल पुनरीक्षणात मसुदा यादीतून सुमारे ६५ लाख नावे वगळली गेली. ती नावे कारणांसह प्रसिद्ध करा, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑगस्टला दिला. त्या प्रकरणातही असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स याचिकाकर्ती होती.

दादर_पश्चिम

पैशाचा प्रश्न कोणी काढला नाही. केनिया, घाना, जॉर्जिया इथल्या बहुतेक निरीक्षक संस्था अमेरिकी आणि युरोपीय निधीवर चालत आल्या आहेत. दुभंगलेल्या देशात एवढे एक कारण सत्ताधाऱ्यांना पुरते. जॉर्जियाने २०२४ मध्ये परकीय प्रभावाविरुद्धचा कायदा केला तो याच युक्तिवादावर. आणि अमेरिकेने २०२५ मध्ये मदत आखडती घेतल्यावर जगभरच्या अशा अनेक संस्था अडचणीत आल्या. मुंबईत हे काम करायचे असेल तर परकीय निधीचा एक पैसाही त्यात नसावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

निशिगंधा_कुर्ला

पूर्ण सहमत. आपल्या कामाला लागतो तो वेळ, यादीच्या छायाप्रती आणि चहापाणी. एवढे सोसायट्यांच्या वर्गणीतून निघते. 'अग्नी'सारख्या संस्थेने या शहरात मतदारयाद्यांवर आणि मतदारजागृतीवर बरीच वर्षे काम केले आहे, त्यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

माझ्या मनात असलेला क्रम असा. सुरुवातीला एकाच विधानसभा मतदारसंघात काम करावे. भागांची निवड चिठ्ठ्या टाकून, दोन्ही बाजूंच्या बूथ कार्यकर्त्यांना बोलावून त्यांच्यासमोर करावी. प्रश्नावली आणि चुकांची वर्गवारी काम सुरू होण्याआधी सूचनाफलकावर लावावी, म्हणजे निष्कर्ष पाहून पद्धत बदलली असे कोणी म्हणू शकणार नाही. पक्षाचे पद असलेल्या व्यक्तीला स्वयंसेवक म्हणून घेऊ नये, आणि मत कोणालाही असले तरी जोडीने जाणारे दोघे एकाच पक्षाकडे कल असलेले नसावेत. चुका सापडतील तिथे नमुना ६ (नवीन नाव नोंदवण्याचा अर्ज) आणि नमुना ८ (दुरुस्ती वा पत्ताबदलाचा अर्ज) भरायला मदत करावी. नमुना ७, म्हणजे दुसऱ्याचे नाव वगळण्याचा अर्ज, आमच्या स्वयंसेवकांनी भरू नये असे मला ठामपणे वाटते. वगळण्याजोग्या नावांची यादी बीएलओंना द्यावी आणि चौकशी त्यांच्यावर सोपवावी.

केंद्राध्यक्ष_निवृत्त

क्रम उत्तम आहे. त्यात एक भर घाला: सर्व उमेदवारांच्या एजंटांसाठी, पक्ष न पाहता, एक सामायिक प्रशिक्षण ठेवा. १७ सी कसा वाचायचा, यंत्राचे आणि मोहोरांचे क्रमांक कसे टिपायचे, शेवटपर्यंत का थांबायचे, आणि प्रत कोणाच्या हाती द्यायची. नागरी संघटनेला आत प्रवेश नाही, पण आत असणाऱ्यांना तयार करायला कोणाची ना नाही. मी शिकवायला तयार आहे.

शिवडीकर

सर, आपला होकार मी गृहीत धरतो. निशिगंधाताई, नमुना ७ बद्दलच्या आपल्या मताशी मी सहमत आहे, परंतु परळच्या मित्रांचे म्हणणे ऐकल्याशिवाय ते पक्के करू नये, कारण त्यांच्या वस्तीत दुबार नावांवर कोणीतरी येऊन मत देऊन जाते ही तक्रार जुनी आहे आणि तिथले लोक निव्वळ यादी सोपवण्यावर समाधानी होणार नाहीत. त्यांनी कृपया लिहावे. तोवर मी भागनिहाय याद्या उतरवून घेतो आणि कोणत्या भागांत पुनर्विकासाची कामे चालू आहेत त्याची वेगळी नोंद करतो.

परळचा_रहिवासी

तक्रार खरी आहे. पण आमच्याकडे नमुना ७ चे गठ्ठे भरून जिवंत, राहत्या माणसांची नावे उडवण्याचेही प्रयत्न झाले आहेत, त्यामुळे निशिगंधाताईंचा नियम मला मान्य आहे. माझी अट एकच: बीएलओंना दिलेल्या प्रत्येक नावाची पोच घ्यावी, आणि अंतिम यादी लागल्यावर त्या नावांचे काय झाले ते त्याच फलकावर लावावे.